माझ्या बाजूची रेघ

"आपण एक मशीन घेऊ या," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

तसं बघितलं तर यात घाबरण्यासारखं काय होतं? बायका मशीन घेतातच. पण ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात मशीनवरच्या गोधडीला गोधडी म्हटलं नाही, 'कारखान्यातलं पांघरूण' म्हणून नाक मुरडलं, त्याच बाई एका सकाळी अंगुस्तान बोटात चढवता चढवता असं बोलल्या, तर मी काय समजायचं? मी एवढंच समजले की यांना कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

माझा उजवा हात थरथरतो. सुरुवातीला नुसता अंगठा हलायचा, तोही कामावरून उठल्यावर. मी म्हटलं, दमला असेल. मग मनगट हलायला लागलं. मग चहाचा कप अर्धाच भरून घ्यायची सवय लावून घेतली, कात्री जड झाली म्हणून तिला नावं ठेवली, आणि सुई ओवायची झाली की काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायला लागले. तिथे ओट्याला कोपर टेकवून, श्वास रोखून, दोऱ्याचं टोक नेढ्यात घालायचं. एकदा, दोनदा, दहादा. बाहेरून जाऊबाई विचारायच्या, "अगं, सुई ओवतेस की विहीर खणतेस?" मी म्हणायची, "दूध बघत होते." झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या घरात मागच्या खोलीत एक लांब बुटकं टेबल आहे. त्याच्या एका टोकाला जाऊबाई बसतात, दुसऱ्या टोकाला मी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा बसवलं ते त्या टोकाला, आणि त्या दिवसापासून ते टोक माझं. गोधडी मधे पसरायची. वरचं तुकड्यांचं कापड, मधला थर, खाली अस्तर. त्या त्यांच्या काठाकडून धावदोरा घालत येणार, मी माझ्या काठाकडून, आणि मधे कुठेतरी टाक्याला टाका भिडला की गोधडी झाली. घेणाऱ्याला कुठला टाका कोणाचा ते कळत नाही. आम्हाला अंधारातही कळतं. त्यांचा टाका बारीक, सगळे सारखे, तांदळाच्या दाण्यांसारखे. माझा थोडा लांब, आणि वीतभर अंतर गेलं की मी एक उलटा टाका मारते, दोरा पक्का राहावा म्हणून. जाऊबाईंना तो उलटा टाका पहिल्यापासून खुपतो. "चालता चालता मागे वळून काय बघतेस?" असं म्हणतात. मी तो सोडला नाही.

त्या टोकावरून मला उठवलं तर मी कुठे जाणार होते? हे ऐकायला मोठं वाटेल, पण मला खरंच तसं वाटत होतं. आमचे हे गेल्यानंतर या घरात माझी जागा कुठली, तर ती. भाजी कोणीही चिरतं. हात थरथरतो म्हटल्यावर सगळे प्रेमाने सांगतील की आता आराम कर, आणि मला खिडकीशी नेऊन बसवतील. माझ्या आईलाही असंच बसवलं होतं. तिच्याही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

एकाच गोष्टीचा मला धीर होता. टाके बिघडले नव्हते. शिवताना ते वाकडे वाटायचे, हे खरं. सुई एकीकडे जायची, डोळा दुसरीकडे. पण मी म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला असेल, शिवाय घडीतलं कापड थोडं फसवतंच. कारण दुपारी जरा आडवी होऊन आले आणि गोधडी नीट उलगडून बघितली, की माझी रेघ सरळ असायची. सुतासारखी सरळ! मी मनाशी म्हणायची, बघा, हात हवेत कितीही नाचू दे, कापडाला लागला की शहाण्यासारखा वागतो. या एका समजुतीवर माझे दिवस चालले होते.

अलीकडे जाऊबाई मला दुपारी झोपायचा आग्रहच करत होत्या. "पड जरा. डोळे बघ कसे झालेत." मला वाटे, वय झालं की माणसाला दुसऱ्यावर हुकूम गाजवायला आवडतं. पण कामाच्या ढिगापुढून स्वतःहून उठायला सांगणारी थोरली जाऊ कोणाच्या नशिबात असते? मी मुकाट्याने पडायची.

आणि आता हे मशीन.

"कशाला मशीन?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"काम आटपत नाही. माझी बोटं दुखतात." त्यांनी बोटं दाखवली. खरंच सुजली होती, टोकांना चिरा पडल्या होत्या. "मशीन तू बघायचं. मला त्यातलं कळत नाही."

"मलाही कळत नाही."

"मग तू शिक. तू धाकटी आहेस."

धाकटी! माझे केस त्यांच्यापेक्षा पांढरे आहेत. पण थोरल्या जावेपुढे कोणाचं काय चालतं?

मशीनच्या दुकानात जायला निघताना मी हातातली अर्धवट छोटी गोधडी पिशवीत भरायला लागले. दुकानवाल्याने फोनवर जाऊबाईंना सांगितलं होतं की शिवायचं तेच कापड आणा, पातळ चिंधीवर कुठलंही मशीन छान चालतं. पण जाऊबाईंनी पिशवी ओढली. "ती कशाला? जुनी दुसरी घेऊ या एखादी."

"जुनी धुतलेली आहे, मऊ पडली आहे. त्यावर काय कळणार? ही कोरी आहे, हीच बरी."

त्यांनी ती भरू दिली. पिशवी मात्र वाटभर स्वतःच्या काखेत धरून चालल्या. मला ते विचित्र वाटलं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस असला की माणसाला सगळंच विचित्र वाटतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

दुकान औषधांच्या दुकानाच्या वर होतं. लांबट खोली, दोन्ही भिंतींना टेबलं, टेबलांवर मशीनं, आणि मशीनच्या तेलाचा वास. दुकानवाला गोल चेहऱ्याचा, गळ्यात टेप, बोलण्यात साखर. मशीनची तो अशी ओळख करून द्यायचा जणू आम्ही सून पसंत करायला आलोय. "ही गरीब आहे, आवाज करत नाही. ही जरा तापट, पण कामाला वाघ."

"आणि खायला?" जाऊबाईंनी विचारलं.

"तेल, आठवड्याला दोन थेंब," तो म्हणाला, आणि जाऊबाई हसल्या. मला हसू येईना. मी हात पदरात गुंडाळून उभी होते.

मग तो जाऊबाईंकडे वळून सहज म्हणाला, "मागे तुम्ही बघून गेलात ती कोपऱ्यात आहे. ठेवली आहे मी."

म्हणजे या आधी येऊन गेल्या होत्या. एकट्या. मला न सांगता. मशीन ठरलेलं होतं, मग मला इथे आणलं कशाला? परीक्षा घ्यायला? चारचौघांत माझा हात उघडा पाडायला, म्हणजे घरी सांगताना पुरावा असावा? मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दुकानवाल्यावर डोळे वटारत होत्या. तो बिचारा टेपशी खेळायला लागला.

"तू बसून बघ," त्या मला म्हणाल्या. "पहिल्यापासून सगळी बघ."

"तुम्हीच बसा ना."

"मी नाही. तू."

बसले. न बसून काय करणार? पहिलं मशीन लहान होतं. सुई आणि मशीनचं अंग यांच्यामधली जागा इतकी अरुंद, की आमची छोटी गोधडी गुंडाळूनसुद्धा आत जाईना. उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसं झालं. मला बरंच वाटलं. शिवायची वेळच आली नाही. "हे नको," मी झटक्यात म्हटलं आणि उठले.

"ही बघा," दुकानवाल्याने दुसरं दाखवलं. जागा भरपूर. त्याने गोधडी आत सरकवली, एक कळ दाबली. "आता कापड ओढणारे खालचे दाते मी खाली केलेत. आता कापड सगळं तुमच्या ताब्यात. हात नेईल तिकडे टाका जाईल. फुलं काढा, पानं काढा, काय हवं ते!"

हात नेईल तिकडे. दोन्ही तळवे मी गोधडीवर दाबले, इतके की नखं पांढरी झाली, आणि पायाने पायडल दाबलं. मशीन धडधडलं. सुई वरखाली नाचायला लागली आणि माझ्या हाताखालचं कापड तिच्याखाली थरथर हलत पुढे गेलं. मी थांबले. रेघ बघितली. लहान पोराने भिंतीवर ओढावी तशी होती. डावीकडे, उजवीकडे, मधेच एक गाठ.

"मशीन हलतंय," मी म्हटलं.

दुकानवाल्याने वाकून मशीनचे पाय बघितले. "नाही हो, घट्ट आहे."

"मग टेबल हलतंय. नाहीतर दोरा खराब आहे. हाताने मी सुतासारखी रेघ घालते."

तो माझ्या जागी बसला आणि त्याच मशीनवर, त्याच दोऱ्याने एक सरळ ओळ मारून दाखवली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कोणी म्हटलं नाही, पण खोलीतली सगळी मशीनं तेच म्हणत असावीत असं वाटलं. मी खोटं बोलत नव्हते! माझी रेघ सरळच होती, पुरावा समोर पडला होता.

"ही बघा," मी म्हटलं आणि गोधडी फिरवून माझ्या बाजूचा काठ मशीनच्या दिव्याखाली ओढला. "ही मी हाताने घातलेली. अशी आली पाहिजे. आता सांगा दोष कोणाचा?"

"राहू दे गं," जाऊबाई घाईने म्हणाल्या. "त्यांना काय दाखवतेस?"

पण दिवा मशीनचा होता. आमच्या मागच्या खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पांढरा, आणि अगदी कापडावर टेकलेला. त्या उजेडात माझी सरळ रेघ दिसली, आणि तिच्या शेजारी, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला, बारीक बारीक छिद्रं दिसली. रिकामी. सुई जाऊन आलेली आणि दोरा नसलेली. कोऱ्या, न धुतलेल्या कापडावर सुईचं छिद्र बुजत नाही, हे आम्हा दोघींना कोणी शिकवायला नको. ती छिद्रं रेघेला धरून वेडीवाकडी चालली होती. डावीकडे, उजवीकडे, मधेच एके ठिकाणी दाटीने. आत्ता मशीनवर मी काढलेली रेघ पलीकडेच होती. दोन्ही एकाच हाताच्या होत्या.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"भाऊ," त्या दुकानवाल्याला म्हणाल्या, "जरा पाणी आणाल का प्यायला?"

तो गेला. आम्ही दोघीच उरलो, आणि ती गोधडी.

मला राग आला. हे मी लपवणार नाही, आधी रागच आला. दुपारी मला झोपवून ही बाई माझे टाके उसवत होती आणि परत घालत होती, आणि मी रोज उठून त्यांची रेघ बघून स्वतःची पाठ थोपटून घेत होते. इतकं मूर्ख मला कोणी बनवलं नव्हतं. वाटलं, गोधडी तिथेच फेकावी आणि जिना उतरून जावं. मग माझी नजर रेघेवर परत गेली. लांब टाके, आणि वीतभर अंतरावर एक उलटा टाका. पुढे परत एक. प्रत्येक ठिकाणी, न चुकता.

"उलटा टाकासुद्धा घातलात," मी म्हटलं.

"तुझी रेघ आहे म्हटल्यावर घालायलाच हवा," जाऊबाई म्हणाल्या. "मला तो अजूनही आवडत नाही."

"कधीपासून?"

"तू स्वयंपाकघरात सुई ओवायला लागलीस तेव्हापासून. दूध बघत होते म्हणे! आपल्याकडे त्या दिवशी दूधच नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?" त्या एकदम चिडल्या. "मी वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू ताकास तूर लावू देईनास. मग मी म्हटलं, हिला लपवायचं आहे तर लपवू दे, मी रेघ सांभाळते. पण माझ्याच्याने आता होत नाही गं. माझी बाजू घालायची, मग तुझी उसवायची, मग तुझी घालायची. बोटं बघितलीस ना?"

बघितली होती. आणि मला वाटलं होतं, त्यांचं वय झालं. चिरा पडलेल्या त्या बोटांकडे मला आता बघवेना. मी माझं टोक सुटेल म्हणून रडत होते, आणि माझं टोक त्या रोज दुपारी माझ्यासाठी धरून बसत होत्या.

"मला उठवायला मशीन घेताय असं वाटलं मला," मी म्हटलं.

"उठवायला? अगं, बसवायला!" त्यांनी हात धरून मला उठवलं आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे नेलं. तेवढ्यात दुकानवाला पाणी घेऊन आला. आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्याने पाणी नुसतं टेबलावर ठेवलं. "यांना हे दाखवा," जाऊबाई म्हणाल्या, "मला दाखवलं होतं तसं."

त्या मशीनचा पाय जाडजूड होता. पाय म्हणजे सुईशेजारी कापड दाबून धरणारा तुकडा. "हा वरून ओढतो, दाते खालून ओढतात," दुकानवाल्याने सांगितलं. "तिन्ही थर बरोबरीने पुढे जातात, सुरकुती नाही. सरळ रेघेसाठीच आहे. हात नुसता ठेवायचा, न्यायचं काम मशीन करतं."

मी हात ठेवला. तो हलत होता, आता सगळ्यांसमोर हलत होता. पायडल दाबलं. कापड आपल्या चालीने पुढे गेलं, आणि माझ्या थरथरत्या बोटांखालून एक सरळ रेघ निघून पलीकडे गेली. मी सगळी गोधडी ओलांडून थांबले. मागे वळून बघितलं. खरोखर सरळ होती, आणि या वेळी ती कोणी उसवून घातलेली नव्हती.

"पण ही माझी रेघ नाही," मी म्हटलं. "मशीनची आहे."

"असू दे. मी घातलेलीही तुझी नव्हती. तेव्हा चाललं की."

दोरा कापून मी गोधडी मशीनखालून काढली.

"मशीन पसंत?" दुकानवाल्याने हळूच विचारलं.

"यांना विचारा," जाऊबाई म्हणाल्या. "बसायचं यांना आहे. आणि हे बघ," त्या माझ्याकडे वळल्या, "एका अटीवर. आधी डॉक्टरला हात दाखवायचा. मशीन निवडलंस, आता डॉक्टरही निवड."

आई आठवली, खिडकी आठवली. मी "बघू" म्हटलं. जाऊबाईंनी ते 'हो' असं धरलं आणि दोन दिवसांनी सकाळची वेळ घेऊनच टाकली.

दुसऱ्याच दिवशी मशीन आलं. मागच्या खोलीत, टेबलाच्या माझ्या टोकाला लावलं. छोट्या गोधडीच्या मधल्या सगळ्या रेघा मी त्यावर मारल्या. जाऊबाई समोर बसून थर सरळ करून देत होत्या आणि मशीनच्या आवाजाला शिव्या देत होत्या. राहिला काठाचा गोट, म्हणजे कडेला दुमडून शिवायची पट्टी. तो हातानेच घालावा लागतो, मशीनने कोपरे दबतात. दोन बाजू त्यांनी घेतल्या, दोन मी.

"हे उसवायचं नाही," मी म्हटलं.

"नाही उसवत."

"मी झोपले तरी."

"नाही म्हटलं ना! आता काय शपथ घेऊ?"

दुपारी आडवी झाले, पण डोळा लागला नाही. दोरा तुटल्याचा टुक असा बारीक आवाज होतो उसवताना. तो येतो का म्हणून मी कान देऊन पडले होते. आला असता तर मला वाईट वाटलं असतं. नाही आला, तर मला जे बघावं लागणार होतं, त्याचीही भीती वाटत होती. घर गप्प होतं.

उठून गेले. जाऊबाई त्यांच्या टोकाला बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मी चष्मा लावला आणि गोट खिडकीच्या उजेडात धरला. माझे टाके जसेच्या तसे होते. इतके वाकडे असतील असं मला वाटलं नव्हतं. काही कापडाच्या काठावरून घसरले होते, एक उलटा टाका तर भलत्याच दिशेला गेला होता. कितीतरी दिवसांनी मी माझा स्वतःचा हात बघत होते. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"उद्या किती वाजता आहे डॉक्टरकडे?" मी विचारलं.

"दहाला. मी येतेय बरोबर."

गोटाचा एक कोपरा अजून राहिला होता. दोरा संपला होता. मी नवा तोडला, सुई घेतली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. मग थांबले. परत आले, टेबलावरून हात लांब केला आणि सुई-दोरा जाऊबाईंच्या पुढे धरला. सुई उजेडात लकलक हलत होती.

"ओवून द्या," मी म्हटलं.

त्यांनी आधी माझा हात धरला, मग सुई घेतली.